एका टिंबाचं हक्कसोडपत्र

टिंबकाकांना हे नाव छापखान्यात पडलं. मुद्रितं तपासताना त्यांनी लोकांच्या मजकुरात इतके अनुस्वार पेरले की खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं. पुढे निवृत्त झाले, मग नजर गेली, आणि घरच्यांनी धसकाच घेतला. काकांनी वाद घालायचं बंद केलं होतं. जेवलात का विचारलं तर "जेवलो" एवढंच म्हणायचे.

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला. गावाला दिसायला लावते आणि बापाला एक काच उपयोगी पडत नाही, ही टोचणी तिला रोजची. तिनं संगणकावर पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम आणला. फुकटचा, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेला, आणि चूक सापडली तर कुणीही दुरुस्त करून पाठवावी अशी मुभा. काकांची कळी खुलली. पण एक पान काही त्या प्रोग्रॅमला वाचता येईना, तेव्हा तो अदबीनं म्हणाला, "याची आम्हाला खत वाटते."

"कोण वाटते?" काकांनी विचारलं. "आणि किती पोती?"

"खंत म्हणायचंय त्याला, बाबा. टिंब राहिलंय."

"मग बंद कर. ते टिंब पडेपर्यंत मला काही ऐकवायचं नाही."

एवढ्या मुश्किलीनं उघडलेला माणूस एका टिंबापायी परत मिटायला निघाला होता, आणि त्याचा हट्ट लेक लहानपणापासून ओळखून होती.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नसताना तिनं दुकानात बसूनच टिंब दिलं आणि पाठवलं. लगेच उत्तर आलं. आभारी आहोत, पण आधी करार करा. हे टिंब तुमचं स्वतःचं आहे, ते तुम्ही सबंध जगाला अनंत काळासाठी वापरायला देत आहात, आणि परत मागणार नाही. नोकरी करत असाल तर मालकाचं पत्रही जोडा की या टिंबावर त्यांचा हक्क नाही.

"माझा हक्क आहे त्याच्यावर?" मालकांनी विचारलं.

"नाही हो, साहेब."

"मग सोडायला का सांगतायत?" मालक सावध झाले. "उगाच कुणी लिहून मागत नाही. टिंब दिलंस कुठं बसून?"

"इथंच. काउंटरवर."

"बघ म्हणजे." वकिलाला विचारल्याशिवाय ते टिंब हातचं घालवायला तयार होईनात.

लेक चडफडत घरी निघाली आणि वाटेत तिची ट्यूब पेटली. चूक पकडली बाबांनी, म्हणजे टिंब बाबांचं. आणि बाबांना आता मालकच नाही.

"करीन करार," टिंबकाका म्हणाले, "पण ऐकल्याशिवाय नाही." ती वाचायला लागली तर त्यांनी हात वर केला. "तू मनातल्या मनात दुरुस्त करून वाचतेस. त्यालाच वाचू दे."

प्रोग्रॅम वाचू लागला. काका ताठ बसून ऐकत होते, मधूनच "स्वल्पविराम" म्हणत होते. सगळी कलमं संपल्यावर शेवटचं बटण आलं: "मला हा करार मजूर आहे."

लेकीनं कपाळाला हात लावला. "मंजूर, बाबा. इथंही टिंब..."

"कळलं. दुरुस्त करून पाठव."

"पाठवते. पण त्यासाठी आधी करार मंजूर करायला हवा."

"म्हणजे मजूर करायला हवा."

"हो. मजूर."

काका हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले. नजर गेल्यापासून हा आवाज घरात झाला नव्हता, आणि तो ऐकून लेकीला रडूच आलं.

"जन्मभर लोकांच्या लिखाणात टिंबं घातली," ते म्हणाले. "ठेवून घेऊ का म्हणून मला एकानं विचारलं नाही. हे पहिलेच. मजूर तर मजूर, दाब ते. आणि थांबवू नकोस. यांनी अजून काय काय लिहिलंय तेही लाव, सगळं लाव. पुष्कळ काम दिसतंय."

तिनं बटण दाबलं आणि पुढचं पान लावलं. खंतीवरचं टिंब अजून पडायचं होतं. काकांच्या ते लक्षातही नव्हतं, आणि लेकीनं आठवण करून दिली नाही.