शेवटच्या नावाखाली

कॉलेजात प्रवेशाची तिसरी यादी लागली होती. शिपाईकाका फलकाची काच पुसत होते, तीही फक्त खालची. मी विचारलं तर म्हणाले, "वरची नावं लांबूनच दिसतात हो. बोटं फिरतात ती सगळी खाली."

खरंच, शेवटच्या नावाखाली, जिथे नुसता कोरा कागद होता, तिथेच काच ठशांनी धुरकट झाली होती. अर्ध्या टक्क्यासाठी मूल यादीबाहेर राहतं आणि आपण म्हणतो, मार्क कमी पडले. ऐकणाऱ्या मुलाला मात्र वाटतं, आपणच कमी पडलो.

माझी लेक मागे उभी होती. तिचं नाव नव्हतं, तरी माझं बोट त्या कोऱ्या जागेवरून हलेना.

"ताई, बोट काढता का जरा?" काका हळूच म्हणाले. "तेवढं पुसायचं राहिलंय."