वांग्याचं तिकडचं नाव

कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगं भाजल्याचा वास आला की सौंसरच्या अंगणात चुलीपुढे बसलेली आई दिसते. दादाचा मुलगा अमेरिकेत वाढत होता आणि त्याच्याशी फोनवर बोलता यावं म्हणून ती माझ्याकडून इंग्रजी शिकायची. आपलं ब्रिंजल तिकडे एगप्लांट, आपली लेडीज फिंगर तिकडे ओक्रा. "एकाच इंग्रजीत दोन दोन नावं कायले ठेवते हे लोकं?" म्हणत ती राखेच्या हातांनी वहीत लिहून घ्यायची. त्या दुपारी दादाचा फोन आला होता. म्हणाला, घटस्फोट झाला, मुलगा त्याच्या आईकडे गेला, आता त्याच्याशी बोलणं नाही. आईला तू सांग. सांगायचं म्हणूनच मी चुलीजवळ बसले. तिने वांगं उलटवलं आणि विचारलं, "अन् बाई, आजीले काय म्हनते तिकडं?" "ग्रँडमा," मी म्हणाले. तिने ते सगळ्यांत मोठ्या अक्षरात लिहिलं. पुढे शेवटपर्यंत फोन वाजला की ती पदराला हात पुसून आधी तो शब्द पुटपुटायची. दादाला अजून वाटतं, मी तिला सांगितलं होतं.