व्याह्यांच्या नावावरचे तीन प्याले

आमच्या व्याह्यांइतका द्राक्षावर जीव टाकणारा आणि वाइनवर रुसलेला मनुष्य नाशिकपासून रॉटरडॅमपर्यंतच्या पृथ्वीवर दुसरा नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी पुरावा घेऊन यावे. असे दोघे आमच्या घरातच आहेत. माझे चिरंजीव आणि सूनबाई गेली काही वर्षे प्रत्येक पाहुण्याला, जेवणे आटोपली की, एक कथा ऐकवतात. महासाथीच्या उन्हाळ्यात सूनबाईंच्या बाबांनी हॉलंडमधल्या झीलंडच्या बेटावर तीन प्याले वाइन घेतली, ती त्यांना चढली, आणि त्या भरात त्यांनी एका डच बाईच्या वेलीची घडांनी लगडलेली फांदी छाटून टाकली! पाहुणे पोट धरधरून हसतात. दारूला शिवायचे नाही आणि वेलीवर चुकीचा काप घ्यायचा नाही, या दोनच गोष्टींचा ज्याने आयुष्यभर अभिमान धरला, त्या माणसाची अब्रू अशी एका वाक्यात दोन्ही बाजूंनी जाते. पस्तीस वर्षे मी न्यायालयात लघुलेखक होतो. साक्षीदार काय बोलला आणि त्याने काय बोललो म्हणून सांगितले, यांतील अंतर मला कोणी शिकवू नये. शिवाय त्या दिवशी घटनास्थळी मी हजर होतो. चिरंजीव आणि सूनबाई समुद्र पाहायला गेली होती.

आम्ही दोघेही विधुर. नातीच्या पहिल्या वाढदिवसासाठी महिनाभर म्हणून आलो, विमाने बंद झाली, आणि वरपिता व वधूपिता रॉटरडॅमच्या नवव्या मजल्यावरील एका खोलीत, दोन पलंगांवर, सात महिने अडकून पडले. मी पुण्याचा. मुलाच्या बापाचा मान कसा ठेवतात याविषयी माझ्या काही अपेक्षा होत्या, आणि व्याह्यांनी त्या इतक्या काटेकोरपणे पुरवल्या की मलाच अवघडल्यासारखे होई. खिडकीजवळचा पलंग माझा, पहिला चहा माझा, आणि वादात शेवटचा शब्दही माझाच. अपवाद एकाच विषयाचा. द्राक्षाची गोष्ट निघाली की ते म्हणत, "अप्पासाहेब, इथं मात्र तुम्ही गप बसायचं," आणि मी बसत असे. चाळीस वर्षे बाग सांभाळलेल्या त्या माणसाला जगातील प्रत्येक वस्तू मांडवाखालून दिसे. सरकारने दीड मीटर अंतर ठेवायला सांगितले तेव्हा सारे शहर कुरकुरत होते. हे गृहस्थ मात्र प्रसन्न. "दीड मीटर म्हणजे पाच फूट. वेलीवेलीत आम्ही एवढंच ठेवतो. माणसांची लागवड अगदी शास्त्रशुद्ध चाललीय यांची!" सुपरमार्केटच्या रांगेत कोणी जवळ सरकले तर ते शुद्ध मराठीत बजावत, "ताई, दाटी झाली की भुरी येते." ताई घाबरून मागे सरकत. भुरी हा द्राक्षावरचा रोग आहे हे त्यांना कळले नाही तेच बरे झाले.

जूनमध्ये रेस्टॉरंटे उघडली आणि सूनबाईंनी दर रविवारी आम्हांला झीलंडच्या बेटांवर न्यायचे ठरवले. तेथेही वाद झालाच. रॉटरडॅमहून गाडी तासाभरात बांधावरून थेट बेटावर उतरते हे व्याह्यांना मुळीच पसंत नव्हते. "जिथं चाकं ओली न होता जाता येतं त्याला बेट म्हणत नाहीत, पोरी. फसवलंय तुला." रेस्टॉरंटात शिरताना त्या काळी नाव आणि फोन लिहून द्यावा लागे. व्याही त्या कागदावर मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि 'पाण्याच्या टाकीसमोर' अशी खूणही लिहीत. मागे रांग वाढत जाई. सूनबाई कुजबुजत, "बाबा, प्लीज, फक्त नाव!" त्यावर ते म्हणत, "उद्या यांना आपल्याकडे यायचं झालं तर टाकी विचारत बसतील का?" बेटावर शिंपल्यांची पातेलीच्या पातेली टेबलांवर येत, व्याही शाकाहारी. ते फक्त उकडलेले बटाटे मागवत, पिशवीतून लसणाच्या चटणीची डबी काढत आणि वेटरलाही बोटभर चटणी देऊ करत. एका वेटरने ती खाल्ली. पुढच्या रविवारी तो आम्हांला पाहून स्वतःहून बटाटे घेऊन आला, आणि हात पुढे केला.

परंतु त्यांचा खरा दरबार भरे तो द्राक्षमळ्यांत. झीलंडला द्राक्षे होतात हे कळल्यापासून त्यांनी उन्हाळाभर एकही मळा सोडला नाही. मळा पाहायला येणारे लोक थेट वाइनच्या टेबलाकडे जात; हे थेट वेलींत शिरत. पान उलटून पाहत, माती चिमटीत धरून हुंगत, आणि मग घड पाहून हळहळत, "एवढे बारके मणी? असले तर आम्ही विरळणीत खाली टाकतो!" त्याहून मोठे दुःख पुढेच. चांगली गोड द्राक्षे माणूस खात का नाही, ती आंबवतो कशासाठी, हा प्रश्न त्यांनी चार मळेवाल्यांना मराठीतून विचारला. चौघांनीही अदबीने मान हलवली आणि प्याला भरून दिला.

येथे एक गोष्ट नीट नोंदवून घ्यावी. यजमानाने दिलेला प्याला तसाच टाकून उठणे हा व्याह्यांच्या लेखी त्याच्या कष्टांचा अपमान होता, आणि तोंडाला लावणे हा स्वतःच्या नेमाचा भंग. यातून त्यांनी वाट काढली. यजमानाची पाठ वळली की भरलेला प्याला माझ्याकडे सरके, आणि माझा रिकामा त्यांच्यापुढे जाई. "अप्पासाहेब, तेवढी मालकांची मर्जी राखा." मी ती राखत असे. मर्जी राखण्याचे काम मी कधीही अर्धवट सोडलेले नाही.

ऑगस्टमधल्या त्या रविवारी आम्ही ज्या मळ्यात होतो, तो साठीच्या एका उंच, रबरी बूट घातलेल्या बाईंचा. डच लोक बाईमाणसाला 'मेव्राव' म्हणतात हे कळल्यापासून व्याही त्यांना मेव्रावताई म्हणत. दरवर्षी परदेशातून येणारी कामकरी मंडळी त्या साली निम्मीच आली होती, आणि वेलींवर बगलफुटींचे, म्हणजे बाजूच्या फुकट फुटव्यांचे, रान माजले होते. व्याह्यांनी खुणेने कात्री मागितली. बाईंनी एक वेल दाखवली. पाच मिनिटांत ती वेल न्हाऊमाखू घालून वेणी घातलेल्या मुलीसारखी दिसू लागली. बाईंनी वेलीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे, आणि अख्खी ओळ त्यांच्या हवाली करून त्या आत गेल्या. इतक्या महिन्यांत व्याह्यांचा चेहरा तसा फुललेला मी पाहिला नव्हता.

आता पुढची जबानी. टेबलावर सहा रिकामे प्याले होते, तीन त्यांच्या खुर्चीसमोर आणि तीन माझ्या. दुसरी एक कात्री बाकावर पडलेली होती. मळ्यात कोणी एक गृहस्थ उठले, आणि "त्यात काय एवढे विशेष, आम्ही पस्तीस वर्षे शब्द छाटले" असे काहीसे म्हणत दारालगतच्या पहिल्या वेलीपाशी गेले. बगलफूट समजून त्यांनी जी कापली ती मुख्य फांदी निघाली. दोन हिरवे घड त्यांच्या बुटांवर पडले. व्याही धावत आले. त्यांनी वेलीचा ठेचलेला काप स्वच्छ केला, स्वतःच्या मास्कची दोरी तोडून शेजारची फांदी त्या रिकाम्या जागी वळवून बांधली, आणि मग त्या गृहस्थांच्या हातातली कात्री हळूच काढून घेतली. एवढ्यात फाटकातून चिरंजीव आणि सूनबाई आली. त्यांना दिसले ते रिकामे प्याले, पडलेले घड आणि कात्री धरलेले व्याही.

"बाबा! तुम्ही घेतली?" सूनबाई किंचाळल्या.

व्याह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "हो गं. जरा चढली."

मी गप्प बसलो. द्राक्षाचा विषय होता ना!

विमाने सुरू झाली, व्याही नाशिकला परतले, आणि त्यांच्या गुडघ्यांनी पुन्हा प्रवास होऊ दिला नाही. व्हिडिओवर कथा निघाली की तेही सगळ्यांबरोबर हसतात, आणि मुलाच्या बापाचा मान राहतो. या उन्हाळ्यात मी पुन्हा मुलाकडे आलो आणि एकटाच त्या मळ्यात गेलो. वेल चांगली भरली आहे; वळवलेली फांदी मनगटाएवढी झाली आहे. मेव्राव इंग्रजीत म्हणाल्या, "तुमचे मित्र नाही आले? त्या दिवशी तुटलेली फांदी मी उचलून पाहिली होती. उंदराने कुरतडावी तसा काप होता. तो हात त्यांचा नव्हता." एवढे बोलून त्यांनी माझ्यापुढे प्याला ठेवला. मी तो घेतला नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे सरकवला, आणि बराच वेळ तो तिथे भरलेलाच राहिला.

पुढच्या महिन्यात व्याह्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतात. सूनबाईंनी सर्वांना दोन शब्द बोलायला सांगितले आहे. कथा पुन्हा निघणार हे उघड आहे. त्याआधी हा कागद मी पडद्यासमोर उभा राहून अथपासून इतिपर्यंत वाचणार आहे. चिरंजीव कथा मागे घेतील, सूनबाई बाबांची माफी मागतील. व्याही मात्र काय म्हणतील ते मला आजच ऐकू येते. ते म्हणतील, "पोरी, लक्ष देऊ नकोस. अप्पासाहेबांना चढलीय."

म्हणोत. या वेळी मी गप्प बसणार नाही.