काकांचा वजनकाटा

अख्ख्या कोल्हापुरात खरं वजन सांगणारा एकही काटा नाही, हे शपथेवर सांगायला तयार असलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. संस्थानात नवे महाराज गादीवर आले त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. काका तेव्हा सरकारी पागेतल्या कामातून नुकतेच मोकळे झाले होते. जन्मभर घोड्यांना हरभरा तोलून दिलेला, त्यामुळे जगात माणसं दोनच प्रकारची असतात असं त्यांचं ठाम मत होतं: काट्याला बोट लावणारी आणि न लावणारी. दुसऱ्या प्रकारात ते एकटेच होते. भाजीवालीपासून सोनारापर्यंत कुणाशी त्यांचं भांडण झालं नाही असं नाही. मी मुरगूड सोडून मास्तरकीसाठी त्यांच्या घरी राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कळून चुकलं, की या घराचं नाव सांगितलं तर पेठेत मीठसुद्धा मिळायचं नाही.

असला माणूस एके दिवशी म्हणाला, की आपल्याला घरात माणसं तोलायचा काटा पाहिजे. आता माणसं कुणी घरात तोलतं का? पण कारण मावशीचं होतं. तिला कित्येक महिने बारीक ताप येत होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की औषध चालू ठेवा, पण अंग भरतंय का उतरतंय तिकडे लक्ष असू द्या. भरलं तर भ्यायचं कारण नाही. उतरलं तर काय, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. मी शेजारीच उभा होतो. रस्त्याला लागल्यावर काका मला म्हणाले, "डोळं फसवत्यात गा मास्तर. काटा फसवत न्हाय. पण खरा काटा हाय कुठं ह्या गावात?"

मग सुरू झाली काट्याची निवड. पोरीला स्थळ बघतानासुद्धा कुणी एवढी पायपीट केली नसेल. रोज शाळा सुटली की मला बरोबर यायला लागे, कारण काट्यावर काका चढले की आकडा वाचायला कुणीतरी इमानदार माणूस हवा. आधी गुळाच्या बाजारात गेलो. तिथं काका एका पारड्यात मांडी घालून बसले आणि दुसऱ्यात ढेपा रचायला लावल्या. शेजारच्या अडत्याकडे तोच प्रकार केला, तर काका तिथं चांगलेच वजनदार भरले. झालं. दोघा अडत्यांना भर बाजारात त्यांनी असं झापलं, की मी मान खाली घालून चार दुकानं पुढं जाऊन उभा राहिलो. लाकडाच्या वखारीतला काटा दमट हवेत सुस्तावतो म्हणून नापास. शेवटी स्टेशनावर मालाचा काटा बघायला गेलो. लाकडी फळीवर माल ठेवायचा आणि वरच्या लोखंडी दांडीवर वजन सरकवत न्यायचं, असा तो काटा. काका जोडे काढून त्यावर चढले, तर मालबाबूनं मान वर न करता विचारलं, "पावणं, कुठं धाडायचं?" मी हसलो. काका मात्र हसले नाहीत. ते त्या दांडीकडे नवरदेवाकडे बघावं तसे बघत होते.

तसलाच काटा त्यांनी मुंबईहून मागवला. तो आल्यावरही खात्री पटेना. तांब्याभर पाणी प्यायचे आणि चढायचे. पाण्याएवढी दांडी हलली पाहिजे. हलली. तेव्हा कुठं काट्याला सोप्यात जागा मिळाली. पण आमची शांती गेली! घरात येणारा प्रत्येक माणूस उंबऱ्यातून थेट फळीवर. मला तर जेवणाआधी एकदा आणि जेवणानंतर एकदा चढवायचे, आणि मग चारचौघांत सांगायचे, "मास्तरनं आज दोन रत्तल हाणलं बघा." अहो, मी काय पागेतला घोडा आहे? गावाकडून माझी बहीण आली, तिलाही सोडलं नाही. ती पुन्हा म्हणून त्या घरी जेवली नाही. खरं सांगतो, त्या काट्याचा मला एवढा संताप यायचा, की रंकाळ्यात नेऊन टाकावा असं अनेकदा मनात आलं.

आणि एवढं सगळं जिच्यासाठी, ती मावशी त्या फळीला पाय लावायला तयार नव्हती. गुळाची ढेप तोलावी, कापूस तोलावा. जित्या माणसाला घरात तोललं की दृष्ट लागते आणि माणूस झिजतं, असं तिचं म्हणणं. माणसानं तराजूत बसायचं ते देवाला बोललेलं असेल तरच. काकांनी आठवडाभर डोकं धरलं. मग एका सकाळी आंघोळ करून आले आणि म्हणाले, की मी देवाला बोललोय. तुझं अंग पहिल्यासारखं भरलं, की वाडीला देवापुढं तुझी गुळानं तुला करणार. आता देवाचं काम म्हटल्यावर मावशीची बोलती बंद झाली. दर गुरुवारी ती काट्याला हळदकुंकू लावून फळीवर उभी राहू लागली.

पहिल्या गुरुवारी दांडीवरचं वजन जिथं थांबलं, पुढच्या गुरुवारी त्याच्या अलीकडे थांबलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी अलीकडे. काका कुणाशी भांडेनासे झाले. भाजीवालीनं पारडं चक्क झुकवलं तरी गप्प! ताटावर बसायचे आणि भाकरीचा तुकडा नुसता कालवणात फिरवत राहायचे. मावशी चुलीपाशी बसून ते बघायची.

मग एका गुरुवारी दांडीवरचं वजन पुढे सरकलं. काका ओरडतच अंगणात आले. त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि भाजीवालीशी कडाक्याचं भांडण केलं. पुढच्या गुरुवारी वजन आणखी वाढलं. साऱ्या पेठेला त्यांनी थांबवून थांबवून सांगितलं. मलाही बरं वाटलं. फक्त गुरुवारी सकाळी चटणी का मिळत नाही, एवढं मात्र कळत नव्हतं. वरवंटाच जाग्यावर नसायचा. शेवटी एकदा मी चिडून स्वयंपाकघरात गेलो, तर मावशी नुकतीच काट्यावरून उतरून आली होती. तिनं शाल बाजूला केली आणि लुगड्याच्या ओच्यातून आधी वरवंटा काढला, मग खलबत्त्यातला बत्ता. मला बघून ती दचकली. काय भयंकर राग आला मला! दोघांचाही. म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगतो. तिनं माझा हात धरला. त्या हाताला काही वजनच नव्हतं.

"सांगू नको रं," ती म्हणाली. "त्यांच्या पोटात चार घास जात्यात. जाऊ देत की."

मी काही सांगितलं नाही. चैत्रात काकांनी नवस फेडायचा ठरवला. वाडीला गेलो. आता नवसाची तुला म्हणजे नदीत आंघोळ करून ओलेत्यानं बसायचं. तिथं शाल कुठली आणि वरवंटा कुठला! घाटावरच्या गुळाच्या दुकानदारानं मोठा तराजू टांगला. मावशी पारड्यात बसली. काकांनी घरच्या काट्याच्या हिशेबानं ढेपा आणल्या होत्या. त्या एकेक करून दुसऱ्या पारड्यात ठेवू लागले. बऱ्याच ढेपा अजून खाली होत्या, आणि मावशीचं पारडं हलकेच वर आलं.

काका हातात ढेप घेऊन तसेच उभे राहिले. त्यांनी मावशीकडे बघितलं. ओल्या लुगड्यात ती केवढीशी दिसत होती. ती पाण्याकडे बघत होती. मी मनात म्हटलं, आता संपलं सगळं. आणि काका गरजले, पण दुकानदारावर.

"खोटा हाय काटा तुझा. माझ्या घरचं माणूस एवढं हलकं न्हाय."

तो बिचारा सांगत होता, पावणं, पारडं टेकलंय की. काकांनी ऐकलं नाही. त्याला आणि त्याच्या बापाला नावं ठेवत त्यांनी उरलेल्या सगळ्या ढेपा एकावर एक रचल्या, शेवटचीसुद्धा. मग मावशीला हाताला धरून उतरवलं.

पुढच्या गुरुवारी ती शाल पांघरून आली. पाठीत वाकून चालत होती, एवढं काय काय ओच्यात होतं कुणास ठाऊक. काकांनी तिला फळीवर चढताना हात दिला, दांडीवरचं वजन सरकवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "वाढलं." नंतर ताटावर बसून, मान वर न करता, ती बघत असेतोवर दोन भाकरी खाल्ल्या. असे बरेच गुरुवार गेले. दिवाळीआधी मावशी गेली.

त्यानंतर एक गुळाचा अडत्या काटा विकत मागायला आला. काट्याची कीर्ती त्याच्या कानावर होती. असा खरा काटा गावात दुसरा नाही म्हणाला. फळीवर वरवंटा ठेवलेला होता, तो बाजूला करायला त्यानं हात घातला आणि काकांनी त्याच्यावर असा आवाज चढवला, की शेजारची माणसं बाहेर आली. मग स्वतःच हळू झाले.

"खोटा हाय," ते म्हणाले. "आणि खोटा काटा मी इकत न्हाय."