वांग्याचे दोन टोप

मंडळी, आधीच सांगते – मी पनवेलला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बावीस वर्षं काचपट्टीवरचं रक्त बघतेय. जे दिसतं तेच रिपोर्टमध्ये लिहायचं, एवढंच मला येतं. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की चहा टाकायला उठून जाणारी बाई मी. तरी आज लिहितेय... भीतीने नाही हो, एक्साइटमेंटने!

या जानेवारीतली गोष्ट. मी आणि नीलिमा नागावला होमस्टेत राहिलो होतो. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण; तिला ‘निलू’ फक्त मीच म्हणते. सकाळी आठला अंगणात घावणे खाल्ले आणि फणसाडच्या जंगलाकडे निघालो. दहाच्या सुमारास सुपेगावच्या गेटवर गाडी लावली. सोबत किसनभाऊ म्हणून गाइड घेतले. बेत साधा – दोन तास रमतगमत चालायचं, परत गाडीशी यायचं आणि मुरुडला जाऊन जेवायचं.

काय सकाळ होती! अंगावर शिरशिरी येईल एवढाच गारवा. गारंबीच्या मांडीएवढ्या जाड वेली या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या. त्यातल्या एकीवर निलू झोपाळ्यासारखी बसली, वय वर्षं एकोणपन्नास! डोक्यावरून शेकरू उडी मारून गेलं तेव्हा तर आम्ही दोघी किंचाळलोच.

पाणवठ्याच्या पुढे किसनभाऊ एकदम थांबले. वाटेवरच्या झाडाला आग्यामोहोळ होतं, आणि ते उठलं होतं.

“ताई, मागं व्हा. हिकडनं न्हाय जायचं. खालच्या अंगाला गाव हाय, तिथं उतरू. जेवान पन मिळंल.”

म्हणजे बघा, त्या गावात आम्ही जाणार हे त्या क्षणापर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. आम्हालासुद्धा! (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) उतरायला चांगले दोन तास लागले. पोचलो तेव्हा दीड वाजला होता. कौलारू घर, ओटीवर दोन बाकडी – तीच खानावळ. साठीच्या एक काकू बाहेर आल्या आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाल्या,

“आलात? एक वाजता येतो म्हनालात, म्या वाट बगतेय कवाची!”

“काकू, माणूस चुकताय. मी इथे पहिल्यांदाच येतेय.”

“आता गं बाय! सकाळी आठाला ह्याच पायरीवर हुब्या व्हतात की. ह्योच हिरवा स्कार्फ.” मग निलूकडे वळून म्हणाल्या, “आनि जवळा सोसत न्हाय त्या ताई ह्याच ना?”

निलूचं हसू थांबलं. माझंही.

तिला कोळंबी, जवळा (ती बारीक सुकी कोळंबी) यातलं काहीही पोटात गेलं की घसा सुजतो, श्वास कोंडतो. कॉलेजात असताना एकदा मरता मरता वाचलीय. त्यावरचं इंजेक्शन ती कायम जवळ बाळगते – आणि त्या दिवशी ते गाडीत राहिलं होतं. गाडी जंगलापलीकडे. फोनला रेंज नाही.

काकूंनी आत नेऊन दोन टोप दाखवले. दोन्हींत वांगं-बटाट्याची भाजी, दिसायला अगदी एकसारखी.

“मोठ्यात जवळा कुटून घातलाय, आमच्यात तसंच करतात. दिसायचा न्हाय तो. बारक्यात न्हाय घातला... तुमी सांगितलंत म्हनून.”

निलू मासे खाताना दहा वेळा विचारते. पण वांग्याच्या भाजीत कोण विचारणार?

मी किसनभाऊंकडे बघितलं. “आईशपथ ताई, मला तर ह्यांचा त्रास बी ठाव न्हाय,” ते म्हणाले.

“इसरीन म्हून तुमीच लिवून दिलंत ना!” काकूंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. कोपऱ्यात पेनाने लिहिलं होतं – ‘निलू. जवळा नको.’ नावाखाली दोन रेघा. सॅम्पलच्या बाटल्यांवर मी मारते, तशाच. अक्षर माझं होतं, मंडळी. माझंच!

निलू आधी पांढरीफटक पडली, मग मला मिठी मारून हसायला लागली. “अगं, तू दोन-दोन ठिकाणी असतेस आणि मला सांगत नाहीस!” बारक्या टोपातली भाजी, वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या... पठ्ठीने तीन भाकऱ्या खाल्ल्या. काही झालं नाही. मी मात्र जेवण सोडून कॅलेंडरचा फोटो काढत होते.

नंतर मी सगळं तपासलं. निलूच्या फोनमध्ये आठ वाजून चार मिनिटांचा फोटो आहे – नागावच्या अंगणात घावणा खाताना मी, गळ्यात हिरवा स्कार्फ. मला जुळी बहीण नाही. कॅलेंडरचाही फोटो आहे; मोठा करून शंभरदा बघितला. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

एक गोष्ट मात्र निलूला अजून सांगितलेली नाही. निघताना ती किसनभाऊंबरोबर पुढे गेली होती. काकूंनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या,

“आता बऱ्या दिसता, बाय. सकाळी किती रडत व्हतात...”