माणिकचा चौथा भाग

माणिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडून बसलो होतो. आम्ही दोघं मिळून लिहीत असलेल्या मालिकेच्या चौथ्या भागाची पानं त्यानं तीन आठवडे अडवून ठेवली होती आणि मुंबईची कंपनी रोज सकाळी हात धुऊन माझ्या मागं लागत होती. फोनवर त्याचं नाव दिसलं म्हणून उचलल्याबरोबर मी म्हणालो, "बोला माणिकराव, आज काय नवीन सबब?" पलीकडून त्याच्या बायकोचा, सुरेखावहिनींचा आवाज आला... "भाऊजी, हे गेले." कॉलेजला निघताना बूट घालायला खाली बसला तो उठलाच नाही. सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याच्यासाठी मी बोललेलं शेवटचं वाक्य ते, आणि ते ऐकावं लागलं वहिनींना. सहा आठवडे झाले, अजून त्याची लाज जात नाही.

आमची दोस्ती जालन्याच्या कॉलेजातली. तो घनसावंगीकडच्या एका खेड्यातून आलेला, मी जालना शहरातला. एकांकिका तो लिहायचा आणि बक्षीस घ्यायला स्टेजवर मी जायचो, कारण त्याला टाळ्यांत उभं राहवत नसे. पुढं मी पुण्याला जाऊन मालिकांच्या धंद्यात पडलो, तो अंबडला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवू लागला. लिहिणं सोडलं नाही, पण छापायला देणं सोडलं. बोलणं तोलून मापून, आणि विनोद असा की ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर हसू यावं. कुणाच्या मातीला जाऊन आला की तिथल्या एकेका माणसाचं असं वर्णन करायचा की पोट धरून हसावं आणि मग स्वतःचीच शरम वाटावी. मी त्याला म्हणायचो, तुला मयताशिवाय विषय सुचत नाही. त्यावर तो नुसता मान हलवायचा.

म्हणूनच ते काम आलं तेव्हा मला पहिला माणिक आठवला. कंपनीनं एका बर्फाळ देशातल्या मालिकेचे हक्क घेतले होते. समुद्राकाठचं एक घर, घरातली सून अचानक मरते, आणि घरचे लोक पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून तिला आठ भाग मासळीच्या गोदामात इकडून तिकडं लपवत फिरतात. तिकडं ती फार गाजलेली. माणसं अंगावर काटा येईपर्यंत हसली म्हणे. आता ती मराठीत करायची होती आणि घडवायची होती मराठवाड्यात, कारण मुंबईतल्या कुणाला तरी वाटलं होतं की इथल्या उन्हाचा रंग पडद्यावर छान दिसतो. पहिल्या बैठकीला माणिक पांढरा शर्ट घालून, रेघांच्या फुलस्केप कागदांचा गठ्ठा घेऊन आला. ती मंडळी वातानुकूलित खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होती. बॉडी आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजमध्ये ठेवता येईल का, बॉडी शीतगृहात नेता येईल का, बॉडी पाचव्या भागापर्यंत तरी हवीच. माणिकनं तासभर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या बर्फात मयत आठ भाग टिकतं. आमच्याकडं आठ तास न्हाई टिकत. आन् टिकलं तरी लपवायचं कुठं? अर्ध्या तासात गाव दारात येऊन बसतं."

सगळे हिरमुसले. मग त्यानं जे सांगितलं, त्यामुळं ती मालिका बचावली. आमच्याकडं पोलिसाला कोण भितं, तो म्हणाला. भीती असते ती माहेरची. सून गेली की माहेरी निरोप जातो. भाऊ येतात, माहेरची साडी आणतात, तोंड बघतात, मग उचलतात. तोंड बघायच्या आत उरकलं तर समजायचं, अंगावर दिसू नये असं काहीतरी होतं. तेव्हा मयत लपवू नका, वेळ लपवा. निरोप तर गेलाच पाहिजे, नाहीतर नाव खराब होतं. पण तो उशिरा पोचला पाहिजे. त्या निरोप्याचा प्रवास हाच चौथा भाग. एक तरणा पोरगा मोटारसायकलवर निघतो, त्याला घरून सांगितलेलं असतं 'सावकाश जा', आणि तो सावकाश जातो. चहा पितो, पंक्चर नसलेलं चाक तपासून घेतो, माहीत असलेला पत्ता चार जणांना विचारतो. मंडळी खुर्चीवरून पडायची बाकी राहिली होती. मीसुद्धा हसलो. माणिक खाली कागदाकडं बघत होता.

पुढच्या महिन्यात जागा बघायला आम्ही माझ्या गाडीनं निघालो. अंबड मागं टाकलं, अंकुशनगरला उसाच्या ट्रॅक्टरांमागं अर्धा तास रखडलो, तोवर तो नेहमीसारखा बोलत होता. शहागडच्या फाट्यावर हॉटेलांची रांग दिसली तसा गप्प झाला. मी चहाला थांबू म्हणालो तर म्हणाला, पुढं चल. गोदावरीच्या पुलाअलीकडं त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली. आणि समोरच्या काचेकडं बघत त्यानं मला सांगितलं की तो निरोप्या म्हणजे तो स्वतःच होता.

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, सुट्टीत गावी आलेला. सकाळी काकू विहिरीत सापडली. पाय घसरला असं घरात ठरलं. आदल्या दिवशी काकाच्या घरातून आवाज येत होते, पण ते बऱ्याचदा यायचे, त्यामुळं कोणी उठून गेलं नव्हतं. वडिलांनी मोटारसायकलची किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, शहागडजवळ काकूच्या भावाला निरोप दे, आणि सावकाश जा, रस्ता खराब आहे. रस्ता खराब नव्हता. "मला कळलं होतं," माणिक म्हणाला, "बिलकुल कळलं होतं. तरी मी थांबलो. दीड तासाच्या रस्त्याला पाच तास लावले." रंगनाथमामा, म्हणजे काकूचा भाऊ, साडी काखेत मारून जीपमधून पोचला तेव्हा चिता विझत आली होती. पोलिसांत कोणी गेलं नाही. काका पुढं दुसरं लग्न करून, वय होऊन, पलंगावर मेला. वडीलही गेले. खरं काय ते ठाऊक असलेला माणूस आता एकटा माणिक होता, आणि ठाऊक नसलेले मामा नदीच्या त्याच काठावर जगत होते.

"मला मामाला सांगायचंय," तो म्हणाला. "टीव्हीवर दिसायच्या आत. त्यांनी लोकांकडून ऐकलं तर मला तोंड दाखवायला जागा न्हाई राह्यची. आता आलोच हावोत तर जाऊ का? इथून दहा मिनिटं हाय."

इथं मी जे केलं ते लिहिल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल. मी म्हणालो, आत्ता नको. आधी भाग लिहून होऊ दे, कंपनीकडून मंजूर होऊ दे, मग निवांत जा. म्हातारा चिडला, नको म्हणाला, तर सगळंच मुसळ केरात. मला काळजी होती ती मालिकेची, त्याची नव्हे. माणिकनं वाद घातला नाही. "बराबर हाय," म्हणाला, आणि मी गाडी वळवली. मामांच्या दारापासून दहा मिनिटांवर त्याला दुसऱ्यांदा थांबवलं गेलं, आणि या वेळी थांबवणारा मी होतो.

त्यानंतर पानं येईनात. तीन भाग झरझर लिहिणारा माणूस चौथ्यावर अडला. फोनवर हसून सांगायचा, निरोप्या अजून रस्त्यात आहे. मला तो विनोद वाटायचा. कंपनीला मी कारणं देत राहिलो आणि त्याला टोमणे. एकदा तर म्हणालो, तुझ्या पोराला आता दारात पोचव बाबा, माणसं खोळंबलीत. तेव्हा त्यानं फोन ठेवून दिला होता... मी ते सुद्धा आळसाच्या खाती टाकलं.

त्याच्या मातीला मी पुण्याहून निघून दुपारी तीनला गावात पोचलो. उचललं नव्हतं; नांदेडहून बहीण यायची होती, तिची वाट बघत सगळे उन्हात बसले होते. कुणी घाई केली नाही, कुणी कुरकुर केली नाही. बाजेच्या टोकावर एक म्हातारा माणूस काठी मांडीवर घेऊन एकटाच बसलेला दिसला. वहिनींच्या भावाला विचारलं तर म्हणाला, ते शहागडचे रंगनाथमामा, सगळ्यांच्या आधी आलेत, निरोप मिळाल्या मिळाल्या जीप करून निघाले. ते ऐकून मला तिथं उभं राहवेना. मी भिंतीच्या आड जाऊन रडलो. माणिकसाठी रडलो आणि स्वतःवरच्या रागानंही रडलो.

दहाव्याला वहिनींनी फुलस्केपचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. चौथा भाग जवळजवळ पूर्ण होता. चहा, पंक्चर, पत्ता, सगळं त्याच्या उभ्या, ठाशीव अक्षरात, आणि पहिल्या बैठकीइतकंच हसवणारं. शेवटच्या पानावर एकच ओळ होती. निरोप्या दारात उभा राहतो. खाली त्यानं लिहिलं होतं 'निरोप्या', पुढं संवादाआधीची दोन टिंबं दिली होती, आणि मग पान कोरं होतं. पेन टेकवून टेकवून त्या जागी शाईचा ठिपका पडला होता. तीन आठवडे तो त्या ठिपक्यापाशी बसला होता.

तेराव्यानंतर मी शहागडला गेलो. रंगनाथमामा पडवीत बसले होते. मी माणिकचा मित्र म्हटल्यावर त्यांनी पाणी दिलं, बसा पाव्हणं म्हणाले. मला प्रस्तावना जमेना. मी सगळं सांगितलं, आणि पुलाजवळून मीच गाडी वळवली होती तेही सांगितलं. मग म्हणालो, त्यानं लिहिलंय, वाचून दाखवू का? त्यांनी हातानं खूण केली. मी वाचत गेलो. ज्या जागांवर मुंबईत लोक लोळून हसले होते, त्या जागा त्या पडवीत एकेक करून आल्या आणि गेल्या. मामा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. पानं संपल्यावर म्हणाले, "यात कटिंग न्हाई."

मला कळलं नाही. ते म्हणाले, "शहागडात कटिंग करून आल्ता तो. मानेवर पावडर होती. बहिणीचा निरोप घेऊन आलेलं पोरगं, आन् मानेला पावडर. आम्हाला तवाच समजलं, पाठवणाऱ्यांनी वेळ काढायला लावलाय."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि माणिकनं मलासुद्धा सगळं सांगितलं नव्हतं. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्याचं त्याला कागदावरही लिहिता आलं नव्हतं. मी विचारलं, मग तुम्ही त्याला कधी बोलला का नाही? मामांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. "तो येईल म्हणलं. दिवाळी गेली की वाटायचं, पुढच्या दिवाळीला येईल. आला असता तर मी त्याला मारलं असतं, खोटं कामून बोलू. पण त्यानं यायला पाह्यजे होतं."

तो येत होता, दहा मिनिटांवर आला होता, हे माझं एकदा सांगून झालं होतं. पुन्हा सांगितलं तर ते माझ्या बचावासारखं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, "पाव्हणं, ह्याच्यात माझी बहीण कुठंय?" मी पानं चाळू लागलो. चार भागांत मिळून ती कुठं 'सून' होती, कुठं 'मयत', आणि कंपनीच्या टिपणांत सगळीकडं 'बॉडी'. माणिकनं मला सांगताना तिला काकूच म्हटलं होतं. इतक्या बैठका झाल्या, इतकं हसलो, तिचं नाव विचारायचं मला सुचलं नव्हतं. मी विचारलं. मामा म्हणाले, सासरी लग्नात नाव बदललं होतं, सुनीता ठेवलं होतं, पण ते काही खरं नव्हे. "आमच्या घरी ती द्वारका. तिला कुणी द्वारके म्हणून हाक मारली की दोन शेतं ओलांडून ओ द्यायची."

मी पेन काढलं. मालिकेचं पुढं काय होईल मला माहीत नाही. कंपनी विचार करते आहे, आणि चौथा भाग मी आता हसवणारा ठेवणार नाही हे त्यांना कळवून टाकलं आहे. पण त्या दुपारी मी माणिकच्या शेवटच्या पानावर, त्याच्या दोन टिंबांपुढं, शाईचा ठिपका होता तिथं लिहिलं : मामा, तुमची द्वारका गेली. मामांना वाचता येत नाही, म्हणून ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी कागद स्वतःकडं ओढून घेतला आणि विचारलं, तिचं नाव यात कुठलं? मी दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. त्यांच्या बोटाच्या वरच्या ओळीत माणिकचं अक्षर दिसत होतं, निरोप्या दारात उभा राहतो, आणि बराच वेळ त्यांनी ते बोट उचललं नाही.