सगळ्यांनी हात बघा

किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमच्या क्लबातल्या बुटांच्या कपाटाचंच बघा. एका बुटाचा जोड शोधायला हात घालावा, तर भलतेच तीन बाहेर येतात! परवा स्टाफरूममध्ये कुणीतरी सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही दर रविवारी पेणहून रोह्याला कशाला जाता हो?" म्हटलं, "बॉलिंगला." "क्रिकेट?" "नाही हो, दहा पिना पाडायच्या असतात ते." मधली सुट्टी संपली, बेल झाली, तरी मी बोलतेच आहे.

आधी माणसं सांगते. रोह्यातल्या एका जुन्या क्लबात दोन लेन आहेत, कुठल्यातरी हौशी साहेबाने कधीकाळी बसवलेल्या. पिनांना वरून दोऱ्या आहेत. पिना पडल्या की मशीन त्यांना वर ओढतं आणि पुन्हा उभं करतं. रविवारी सकाळी तिथे आम्ही तिघं असतो. मी, पेणला गणपतीचा कारखाना असलेला दीपक आणि रोह्याजवळच्या वरशात पार्लर चालवणारी स्मिता. आणि आमचे गुरू नाना. नाना पेणजवळच्या गडब गावचे, घरची भातशेती. तीस वर्षं कंपनीत शिफ्ट केली आणि शिफ्ट सुटली की या लेनवर! बॉल हातातून कसा सोडायचा हे आम्हाला त्यांनी शिकवलं.

गेल्या वर्षी नानांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, पण हाताची मूठ जी मिटली ती उघडेचना. हे आत्ताच सांगून टाकते, कारण आमचे सगळे किस्से फिरून फिरून त्या हातापाशीच येतात.

*

माझा पहिला दिवस. मी विज्ञानाची बाई, गप्प कशी बसेन? बल, घर्षण, कोन, वेग, सगळं नानांना समजावून सांगितलं. नाना मान डोलवत ऐकत होते. मग मी बॉल टाकला. तो चार हात गेला आणि शांतपणे लेनच्या कडेच्या खोलगट पट्टीत, म्हणजे गटारात, उतरला.

नाना म्हणाले, "थिअरी एकदम बराबर हाय मॅडम. पर ती बॉलला कुठं ठाव हाय?"

मग त्यांनी माझा हात हातात घेऊन दाखवलं. बॉलला तीन भोकं, एक अंगठ्याचं, दोन बोटांची. तळवा बॉलच्या मागे, मनगट ताठ. सोडताना अंगठा आधी बाहेर, मग बोटं. आणि बॉल गेल्यावर हात पुढे तसाच राहिला पाहिजे, समोरच्याशी शेकहँड करायला धरतो तसा.

"अंगठा म्हणजे घरातला कर्ता," नाना म्हणाले. "तो पहिला उठला की बाकीचे उठतात. तोच बसून राहिला, तर पंगत हालत नाय!"

*

माझ्या घरचा कर्ता बसून राहिला. घाईत मी लहान भोकाचा बॉल उचलला, अंगठा आत अडकला. सुटला तो फार उशिरा. बॉल कमरेइतका वर उडाला आणि लेनवर असा आदळला, की खालच्या मजल्यावरचे मॅनेजर कॅरमचा स्ट्रायकर हातात घेऊनच वर धावत आले.

"काय पडलं? काय पडलं?"

नाना शांतपणे म्हणाले, "काय नाय साहेब. मॅडमनी नारळ फोडला. आजपासून शुभारंभ!"

मॅनेजर ओरडायला आले होते, हसत परत गेले. माझी हौस त्या दिवशीच संपायची. नानांमुळे टिकली.

*

दीपकचा प्रॉब्लेम वेगळा. त्याचा हात सुंदर. गणपतीचे डोळे रेखणारा हात तो, हलत नाही, थरथरत नाही. पण सोडत पण नाही! शेवटपर्यंत बॉलला धरून ठेवायचा, जणू अजून एक फिनिशिंगचा हात मारायचाय. परिणामी बॉल दर वेळी डाव्या गटारात.

महिनाभर बघून नाना वैतागले. "अरे दीपक, सोड की! विसर्जनाला गणपती सोडतोस ना हातातनं? तसा सोड!"

दीपक गंभीरपणे म्हणाला, "नाना, आम्ही फक्त बनवतो. सोडायचं काम गिऱ्हाइकाचं."

नानांनी कपाळाला हात लावला आणि पुढचा बॉल त्याच्या हातात दिला. दीपकला सोडायला शिकवायला त्यांना पुढची दीड वर्षं लागली. एक रविवार चुकवला नाही त्यांनी.

*

स्मिता स्कूटरवर येते. त्यामुळे बॉल सोडताना तिचं मनगट वरून आत वळायचं.

"ही बॉल टाकतेय का स्कूटर पळवतेय?" नाना म्हणायचे. "ॲक्सिलरेटर सोड गो! मनगट ताठ!"

पोरीने मनावर घेतलं. भाजी निवडताना मनगट ताठ, गिऱ्हाइकाला फेशियल करताना मनगट ताठ. एके दिवशी ती उशिरा आली, घामाघूम. विचारलं, काय झालं? म्हणाली, "मनगट वळेचना हो! वरशापासून स्कूटर अशी सावकाश आली, की पुलावर एका सायकलवाल्या आजोबांनी मला ओव्हरटेक केलं. वर म्हणतात कसे, पोरी, पेट्रोल संपलं का?"

*

आता नानांचा मुख्य नियम. नाना आले की पहिलं काम म्हणजे खांद्यावरचा नॅपकिन काढून स्कोअरच्या टीव्हीवर टाकायचा. एक जण बॉल टाकताना बाकीच्यांनी पिनांकडे बघायचंच नाही, टाकणाऱ्याचा हात बघायचा. अंगठा आधी सुटला का? मनगट राहिलं का? शेकहँड झाला का?

"पिना पडल्या की आपल्या आपण पडतात," नाना म्हणायचे. "हात चुकला तर सांगाया माणूस लागतं. चला, सगळ्यांनी हात बघा!"

किती पडल्या, हा प्रश्न नानांच्या तोंडून आम्ही कधीच ऐकला नव्हता.

या नियमाची आम्हाला इतकी सवय झाली की एकदा पनवेलची टीम मैत्रीची मॅच खेळायला आली, तेव्हा पंचाईत झाली. त्यांच्या कॅप्टनने पहिल्याच बॉलला दहाच्या दहा पिना आडव्या केल्या! हात वर करून वळला बिचारा, टाळ्यांची वाट बघत. इकडे आम्ही तिघं त्याच्या हाताकडे टक लावून.

स्मिता हळहळली, "अरेरे, मनगट मोडलं!"

कॅप्टनने घाबरून मनगट चाचपलं. "कुठे? काय झालं?"

"अंगठा पण उशिरा," दीपक म्हणाला.

"अहो पण सगळ्या पडल्या ना!"

"असं?" मी म्हटलं. आणि मग आम्ही तिघांनी पहिल्यांदा पिनांकडे पाहिलं.

मॅच आम्ही हरलो. पण जेवताना तोच कॅप्टन नानांच्या शेजारी जाऊन बसला आणि आमटीची वाटी बाजूला सारून मनगट दाखवायला लागला!

*

इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, नानांना हे सगळं कंपनीतल्या कुठल्यातरी साहेबाने शिकवलं असणार. एका जुलैत त्यांनी आम्हाला लावणीला गडबला नेलं. सुमनकाकी, म्हणजे नानांची बायको, बांधावर उभी होती. हातात भाताच्या रोपांच्या मुठी. खाली चिखलात लावणाऱ्या बायका वाकलेल्या. काकी हात मागे नेऊन एकेक मूठ अशी सोडायची, की ती बरोबर एकेकीच्या पुढ्यात जाऊन उभी राहायची. आणि मूठ गेल्यावर काकीचा हात हवेत तसाच पुढे.

शेकहँड!

आम्ही तिघांनी एकदम नानांकडे पाहिलं. नाना बैलासारखे खाली मान घालून चिखल तुडवत होते.

मी टाकून बघितली, तर माझी मूठ बांधावरच पडली. काकी म्हणाली, "बोटं लावून ठेवू नको गो. जायाचं तिला तिकडं जाऊ दे."

संध्याकाळी नाना कबूल झाले. "साहेबानं बॉल दिला. सोडाया हिनं शिकवलं."

काकी म्हणाली, "आणि मला एक दिवस त्या किलबात नाय नेलं!"

*

मग ते वारं गेलं.

फिजिओथेरपिस्ट म्हणाले, पकड येते लवकर, बोटं उघडायला वेळ लागतो. कधी कधी उघडतही नाहीत. आम्हाला सोडायला शिकवलेल्या माणसाला आता चहाचा कप धरता यायचा, पण ठेवता यायचा नाही. काकी एकेक बोट सोडवून कप काढून घ्यायची. ते बघताना दीपक उठून अंगणात गेला होता.

आम्ही रविवारी क्लबाऐवजी गडबला जायला लागलो. नाना भिंतीकडे तोंड करून पडलेले. व्यायामाला दिलेला मऊ बॉल हातात घेईनात. म्हणाले, "पिळाया लिंबू हाय का तो?"

शेवटी काकीनेच मार्ग काढला. पेंढ्याची लहान जुडी करून त्यांच्या मुठीत दिली, स्वतः अंगणाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. "टाका. मला मूठ पायजे."

पहिल्या रविवारी जुडी हातातच राहिली. दुसऱ्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी दीपकला राहवलं नाही. तो म्हणाला, "नाना, सोडायचं काम गिऱ्हाइकाचं असतं. काकी उभी आहे बघा गिऱ्हाईक!"

नाना हसले. कितीतरी दिवसांनी हसले. जुडी त्या दिवशी पायाशी पडली, पण पडली!

आठ महिने काकीने सकाळी हाताला तेल लावलं आणि मग पलीकडे जाऊन उभी राहिली. जुडी पायाशी, मग तुळशीपाशी, मग काकीच्या हातात.

*

गेल्या रविवारी काकी पहिल्यांदा क्लबात आली. नवी साडी नेसून, पायात क्लबाचे बूट. नानांनी डाव्या हाताने नॅपकिन टीव्हीवर टाकला. आम्ही सगळ्यात हलका, मोठ्या भोकांचा बॉल काढून ठेवला होता. मॅनेजर कॅरम सोडून वर आले.

बॉल मुठीत राहिला तर नाना पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाहीत, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ते तसं बोलले होते.

नाना रेषेपाशी उभे राहिले. पावलं घेतली नाहीत. हात मागे गेला, सावकाश पुढे आला. अंगठा सुटला. मग बोटं सुटली. बॉल गेला आणि हात पुढे तसाच राहिला, उघडा, मनगट ताठ.

पिनांचा खडखडाट ऐकू आला, एवढं मी शपथेवर सांगते.

नाना तसेच उभे. मान न वळवता म्हणाले, "चष्मा घरी ऱ्हायला. किती पडल्या?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"अरे, किती पडल्या?"

दीपकने पिनांकडे पाहिलं. मशीनने दोऱ्या ओढून दहाही पुन्हा उभ्या केल्या होत्या. स्मिताने टीव्हीकडे पाहिलं, त्यावर नॅपकिन. मी मॅनेजरांकडे पाहिलं. ते खिशातला रुमाल शोधत होते.

"एकानं पण नाय बघितलं?"

"नाना, तुम्हीच तर सांगितलंय ना..."

"अरे मी काय पण सांगेन! आज तरी बघायचं!" मग ते काकीकडे वळले. "तू तर यांच्यातली नाय गो. तू सांग. किती पडल्या?"

"मला काय ठाव?" काकी म्हणाली. "मी हात बघत व्हते."